'एअरप्लेन!' बघून अर्धा वर्ग गप्प बसला, तर पुढे काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका शिक्षकांनी चित्रपट-आस्वादाच्या वर्गात १८-१९ वर्षांच्या मुलांना १९८० चा 'एअरप्लेन!' दाखवला, विडंबन म्हणजे काय ते कळावं म्हणून. अर्धी मुलं पोट धरून हसली, अर्धी नुसती बघत बसली, दोघातिघांनी "हा तर निव्वळ फालतूपणा आहे" म्हणून मोकळं केलं, आणि एका मुलीने स्पष्ट सांगितलं की यातले काही जोक तिच्याने ऐकवले नाहीत. आता त्यांचा प्रश्न असा की पुढच्या बॅचला आधी सगळे संदर्भ समजावून मग सिनेमा दाखवावा, की सरळ सिनेमाच बदलावा.

माझं मत विचाराल तर दोन्ही नको. मी विनोदी लेखन आणि सिनेमा शिकवतो, हा सिनेमा बऱ्याच बॅचेसना दाखवलाय आणि तुम्ही सांगताय तसाच वर्ग मला जवळपास दर वेळी भेटतो. बदलायचाय तो फक्त क्रम, आणि सिनेमा संपल्यावर तुम्ही काय विचारता ते.

आधी संदर्भ समजावण्याबद्दल बोलतो, कारण हा मोह सगळ्यांनाच होतो. आपल्याला वाटतं की मुलांनी १९७० चा 'एअरपोर्ट' बघितलेला नाही, त्यानंतर आलेली आपत्तीपटांची लाट त्यांना माहीत नाही, मग ती हसणार कशी, म्हणून आपण अर्धा तास स्लाइड दाखवतो, हा सीन अमक्याची नक्कल, तो सीन तमक्याची. यातून होतं काय की मुलं सिनेमा बघायला न बसता तपासायला बसतात. जोक आला की "हां, हे ते सरांनी सांगितलेलं" एवढंच डोक्यात येतं, आणि हसू आलंच तर ते ओळख पटल्याचं असतं, विनोदाचं नसतं. मी म्हणेन सिनेमाबद्दल एक वाक्यही न बोलता थेट सुरू करा, नावसुद्धा पडद्यावरच कळू दे.

आणि संदर्भ नसताना अर्धा वर्ग तरी हसतोच ना? ते का हसतात ते नीट बघितलं पाहिजे, कारण तिथेच या सिनेमाची सगळी गोम आहे. जिम अब्राहम्स, डेव्हिड झकर आणि जेरी झकर या तिघा लेखक-दिग्दर्शकांनी हा सिनेमा हवेतून आणलेला नाही. १९५७ चा 'झीरो अवर!' नावाचा एक पूर्ण गंभीर सिनेमा होता, युद्धातल्या आठवणींनी खचलेला एक वैमानिक, टेड स्ट्रायकर नावाचा, विमानात प्रवासी म्हणून बसलाय, जेवणातल्या माशातून विषबाधा होते, दोन्ही पायलट आडवे होतात आणि विमान यालाच उतरवावं लागतं. हा सिनेमा त्यांना रात्री उशिराच्या टीव्हीवर सापडला, जाहिरातींची टिंगल करण्यासाठी ते टीव्ही रेकॉर्ड करून ठेवायचे त्यात. त्यांनी त्याचे रीतसर हक्क घेतले आणि गोष्ट, पात्रं, कितीतरी संवाद जवळजवळ जसेच्या तसे उचलले. हिरोचं नावसुद्धा तेच, स्पेलिंगमधलं एक अक्षर तेवढं वेगळं, आणि नावापुढचं उद्गारचिन्हही दोन्हीकडे आहे. म्हणजे 'एअरप्लेन!' मधून सगळे जोक काढून टाकले तरी खाली एक चालू शकणारी थरारकथा शिल्लक राहते, विमान पडेल का, हा माणूस ते उतरवेल का, दुरावलेली प्रेयसी त्याला परत मिळेल का. ज्याने आयुष्यात एकही आपत्तीपट बघितला नाही त्याच्यासाठीसुद्धा ज्याची टिंगल करायची ती गोष्ट त्याच पडद्यावर, त्याच वेळी चालू असते. म्हणूनच कोरी पाटी घेऊन आलेली मुलं हसतात.

यावरून मी जो क्रम ठरवलाय तो असा, आधी पूर्ण 'एअरप्लेन!', साधारण ८८ मिनिटांचा आहे, एका बैठकीत होतो, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशी किंवा पुढच्या तासाला 'झीरो अवर!' मधले निवडक तुकडे. उलटं नाही. सगळी मजा या दुसऱ्या तासाला आहे आणि मला तर पहिल्यापेक्षा तोच तास जास्त आवडतो.

त्या तुकड्यांत काय दाखवायचं? डॉक्टर गंभीर चेहऱ्याने सांगतो की आता आपला जीव एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, ज्याला विमान चालवता येतं आणि ज्याने रात्री मासा खाल्लेला नाही असा माणूस सापडला पाहिजे. हा संवाद मुलांनी आदल्या दिवशी 'एअरप्लेन!' मध्ये ऐकलेला असतो आणि तो विनोदी लेखकांनी लिहिलाय असंच त्यांनी गृहीत धरलेलं असतं. तो कृष्णधवल सिनेमात, खऱ्याखुऱ्या काळजीच्या सुरात ऐकला की आधी एक सेकंद शांतता आणि मग जो हशा होतो तो आदल्या दिवशीच्या कुठल्याही हशापेक्षा मोठा असतो. कोणीतरी हमखास विचारतं की हे तुम्ही एडिट केलंय का. मग जमिनीवरून सूचना देणारा स्टर्लिंग हेडन येतो आणि म्हणतो की सिगारेट सोडायला मी चुकीचाच आठवडा निवडला, हाही तिथलाच. 'एअरप्लेन!' मध्ये लॉईड ब्रिजेस आधी हेच म्हणतो, थोड्या वेळाने दारू सोडण्याबद्दल, मग गोळ्या, शेवटी गोंद हुंगणं. पहिली पायरी मूळ सिनेमातली, पुढच्या पायऱ्या या तिघांनी चढवलेल्या. विडंबन कसं बांधतात हे शिकवायला याच्यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला तरी सापडलेलं नाही, फळ्यावर काही लिहावंच लागत नाही.

आदल्या दिवशी गप्प बसलेली मुलं इथे बोलायला लागतात हे मुद्दाम लक्षात ठेवा. त्यांना विनोद कळत नव्हता असं नसतं, कशावर विनोद चाललाय हे त्यांना दिसत नव्हतं, आणि काही मुलांना ते दिसल्याशिवाय हसणं आवडत नाही. तो स्वभाव आहे, आणि अशीच मुलं नंतर उत्तम लिहितात असा माझा अनुभव आहे.

याच तासात एक छोटी गोष्ट जमली तर दाखवा. 'एअरप्लेन!' मध्ये सहवैमानिक म्हणून बास्केटबॉलपटू करीम अब्दुल जब्बार बसलेला आहे आणि मुलांना वाटतं की उगाच कोणीतरी फेमस माणूस आणून बसवलाय. मूळ सिनेमात कॅप्टनचं काम एल्रॉय हर्श नावाच्या अमेरिकन फुटबॉलपटूने केलेलं, म्हणजे खेळाडूला कॉकपिटमध्ये बसवायची आयडियासुद्धा तिकडूनच आली. आणि आर्थर हेली हा लेखक दोन्हीकडे आहे, 'झीरो अवर!' त्याच्याच १९५६ च्या 'फ्लाइट इनटू डेंजर' या टीव्ही नाटकावरून झाला आणि 'एअरपोर्ट' त्याच्याच कादंबरीवरून. एकाच माणसाने हा गंभीर साचा दोनदा घडवला, आणि या तिघांनी तोच साचा उचलला.

आता कुठे हसतात आणि कुठे नाही. तुम्ही वर्गाच्या मागे न बसता पुढे बाजूला बसा आणि चेहरे बघत नोंदी करा, फार कामाच्या होतात. माझ्याकडच्या नोंदींतून जे दिसतं ते असं की ज्या जोकला स्वतःचं शरीर आहे तो टिकतो आणि जो नुसती ओळख मागतो तो मरतो. घाबरलेल्या बाईला शुद्धीवर आणायला थोबाडीत मारतात आणि मागे अख्खी रांग लागते, कोणाच्या हातात बॉक्सिंगचे ग्लोव्हज, कोणाच्या हातात आणखी काही, हा सीन कुठल्याही वर्गात पडत नाही. ऑटोपायलट म्हणून हवा भरून फुगवलेला बाहुला, तोही नाही. स्ट्रायकरला 'पिण्याचा प्रॉब्लेम' आहे असं गंभीरपणे सांगतात आणि तो पेला तोंडाला लावायच्या ऐवजी तोंडावर ओततो, तेव्हा कोणालाच काही माहीत असायची गरज नसते. समुद्रकिनाऱ्यावरचा प्रेमप्रसंग १९५३ च्या 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी' वरून आहे, तो कोणीही बघितलेला नसतो, तरी लाट येऊन दोघं शेवाळाने माखली की वर्ग हसतोच. करीमचंही तेच, लहान पोरगं त्याला "माझे बाबा म्हणतात तुम्ही जीव तोडून खेळत नाही" असं सुनावतं आणि आपण तो नव्हेच म्हणणारा माणूस सटकन भडकतो, बास्केटबॉलचं ओ की ठो माहीत नसलं तरी भांडं फुटणं कळतं. उलट एथेल मर्मन पडद्यावर येऊन गाते, तिथे शांतता. ती ब्रॉडवेची केवढी मोठी गायिका होती हे माहीत नसेल तर उरतं काय, एक बाई गाते. नवरा घरी कधी कॉफीचा दुसरा कप घेत नाही असं म्हणणाऱ्या बायकोची जाहिरात ज्यांनी टीव्हीवर बघितली नाही त्यांना इथे तिच्यावरचा जोक आहे हेच कळत नाही. हे जोक गेले, त्यांच्यासाठी झुरू नका आणि समजावत तर अजिबात बसू नका.

आणि एक जोक असा आहे जो जवळपास कोणालाच ऐकू येत नाही. पडद्यावर जेट विमान दिसतं आणि आवाज पूर्ण सिनेमाभर पंख्याच्या विमानाचा येतो. या तिघांना जुन्या सिनेमासारखं पंख्याचंच विमान हवं होतं, स्टुडिओला जेट हवं होतं, मग चित्र जेटचं आणि आवाज जुना. हे सिनेमा संपल्यावर सांगा आणि दोन मिनिटांचा तुकडा परत लावा, मुलं वेडी होतात, आणि पुढच्या प्रत्येक सिनेमात कान उघडे ठेवून बसतात. तसंच सुरुवातीची पांढऱ्या आणि लाल झोनवरून भांडणारी विमानतळाची घोषणा, ते दोन आवाज म्हणजे लॉस एंजेलिसच्या विमानतळावर खरोखर घोषणा करणारं नवरा-बायकोचं जोडपं होतं. हेही नंतरच.

"फालतूपणा आहे" म्हणणाऱ्या मुलांशी मी वाद घालत नाही, त्यांना अभिनय बघायला लावतो. त्यांची तक्रार बहुतेक वेळा अशी असते की नट काहीच करत नाहीत, नुसते दगडासारखे बोलतात. बरोबर आहे, आणि तेच ठरवून केलंय. स्टुडिओला विनोदी नट हवे होते, या तिघांनी हट्टाने गंभीर नट घेतले. लेस्ली नील्सन तेव्हा विनोदी नट म्हणून कोणाला माहीतच नव्हता, १९७२ च्या 'द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर' मध्ये तो बुडणाऱ्या जहाजाचा कॅप्टन होता. रॉबर्ट स्टॅक म्हणजे 'द अनटचेबल्स' मधला करारी अधिकारी, पीटर ग्रेव्ज म्हणजे 'मिशन: इम्पॉसिबल' ची टीव्ही मालिका. १९८० च्या प्रेक्षकाला या चेहऱ्यांवर आपोआप विश्वास होता, आणि हेच चेहरे अगदी त्याच सुरात वेड्यासारखं बोलायला लागले. आजच्या मुलांना नील्सन माहीत असलाच तर 'द नेकेड गन' वाला, म्हणजे तो दिसला की ती आधीच हसायच्या तयारीत. म्हणून 'पोसायडन' मधला त्याचा एक सीन दाखवा, तोही नंतर, आणि काही न बोलता.

त्याहून चांगला उपाय म्हणजे मुलांनाच उभं करणं. एका पानाचा सीन द्या, आधी मजेशीर आवाज काढून, हातवारे करून वाचायला सांगा, मग तोच सीन असा वाचायला सांगा की खरंच विमानात माणसं मरताहेत आणि तुम्ही डॉक्टर आहात. पहिल्या वेळी वाचणारे हसतात आणि बाकीचे कंटाळतात, दुसऱ्या वेळी बरोबर उलटं होतं. एकदा हे अंगावर घेतलं की फालतूपणाचा शब्द परत निघत नाही. संगीताचंही तसंच आहे, एल्मर बर्नस्टीन, 'द टेन कमांडमेंट्स' आणि 'द मॅग्निफिसंट सेव्हन' वाला, त्याने इथे कुठे टुंगटुंग विनोदी वाजवलेलं नाही, पूर्ण गंभीर, छाती दडपून टाकणारं संगीत दिलंय. पडदा झाकून पाच मिनिटं नुसतं ऐकवा आणि विचारा हा सिनेमा कुठला प्रकार असेल.

आता त्या मुलीचं. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि इथे घाईघाईने "त्या काळात चालायचं" म्हणून विषय मिटवू नका, प्लीज. ती जे म्हणाली ते बहुतेक कॅप्टनच्या त्या लहान मुलाशी चाललेल्या संवादांबद्दल असणार, ग्लॅडिएटरचे सिनेमे आवडतात का वगैरे. हा जोक उभा होता कॅप्टनचं काम करणाऱ्या पीटर ग्रेव्जच्या प्रतिमेवर, इतका सभ्य, भारदस्त माणूस आणि तोंडून हे असलं काहीतरी. स्वतः ग्रेव्जलाच आधी ही स्क्रिप्ट वाचून पसंत पडली नव्हती. आता आजच्या मुलांकडे ती प्रतिमाच नाही. ती काढून घेतली तर पडद्यावर काय राहतं? एक मोठा माणूस आणि एक लहान मुलगा. तिला तेच दिसलं आणि ते अस्वस्थ करणारंच आहे, म्हणजे तिने सिनेमा चुकीचा वाचलेला नाही, एथेल मर्मनच्या गाण्याला गप्प बसलेल्या मुलांसारखंच तिच्यासाठीही जोकचं लक्ष्य नाहीसं झालं होतं, फरक एवढाच की मर्मनच्या बाबतीत मागे काहीच उरत नाही आणि इथे काहीतरी वाईट उरतं. हे तिला वर्गासमोर सांगा, तिचं म्हणणं बरोबर आहे असं म्हणून. चर्चा लगेच वरच्या पातळीवर जाते, कारण मग मुलं स्वतःहून शोधायला लागतात की कुठल्या जोकचा मार कोणावर पडतो.

तिथून दोन कृष्णवर्णीय प्रवाशांच्या 'जाइव्ह' बोलीच्या सीनवर या. त्यात मुलांचं कधीच एकमत होत नाही आणि होऊही नये. काही म्हणतात बोलीची टिंगल आहे, काही म्हणतात टिंगल आहे ती त्यांचं बोलणं न कळणाऱ्या गोऱ्यांची, कारण भाषांतर करायला उठते ती बार्बरा बिलिंग्सली, टीव्हीवरची आदर्श गोरी आई म्हणून अमेरिकेत घराघरात माहीत असलेली. इथे एक गोष्ट सांगाच, की ते संवाद अल व्हाइट आणि नॉर्मन अलेक्झांडर गिब्ज या दोन नटांनी स्वतः रचलेत, लेखकांनी लिहिलेलं चालण्यासारखं नव्हतं म्हणून. याने वाद मिटत नाही, पण नुसतं चिडणं थांबतं आणि नीट बोलणं सुरू होतं. आफ्रिकेतला बास्केटबॉलचा सीन मात्र माझ्या मते आज सरळ वाईट दिसतो आणि मी तो वाचवायचा प्रयत्न करत नाही. शिवाय सिनेमात क्षणभर नग्नता आहे, तेव्हा मुलं १८ च्या खालची असतील तर आधी पूर्ण बघून, संस्थेशी बोलून ठरवा.

दाखवायच्या पद्धतीबद्दल थोडंसं, कारण अर्धं अपयश इथेच असतं. घरी लॅपटॉपवर एकेकट्याने बघून या असं सांगू नका, हा सिनेमा एकट्याने बघितला की निम्मा मरतो, शेजारचा हसला की आपण पडद्याच्या कोपऱ्यात काय चाललंय ते शोधतो. मुलांना पांगून बसू देऊ नका, पुढच्या रांगांत जवळजवळ बसवा. मध्ये पॉज करून समजावणं बंद. सबटायटल शक्य असेल तर बंद, नटाने वाक्य पूर्ण करायच्या आधीच डोळे शेवट वाचून मोकळे होतात आणि टायमिंगचा चुराडा होतो, पण इंग्रजी उच्चार पकडायला जड जाणारी मुलं असतील तर सबटायटल ठेवा आणि शब्दांवरचे जोक जाणार हे धरून चाला, दृश्यातले भरपूर उरतात. "शर्ली" वाला डायलॉग, म्हणजे इंग्रजी 'शुअरली' ऐकून "मला शर्ली म्हणू नका" म्हणतो तो, तर बहुतेकांनी मीम म्हणून आधीच बघितलेला असतो, तिथे हशा कमी आला तर त्याचं काही वाटून घेऊ नका.

आणि मोबाईल बाहेर. याच तिघांनी १९८२ मध्ये 'पोलीस स्क्वाड!' नावाची मालिका केली, नील्सनलाच घेऊन, ती सहा भागांत गुंडाळली गेली, आणि वाहिनीकडून कारण असं आलं की ही मालिका कळायला ती लक्ष देऊन बघावी लागते. गंमत राहू दे, पण ते निरीक्षण खरं आहे. यांचे निम्मे जोक मागच्या भिंतीवर, दाराबाहेर, हातातल्या मासिकाच्या नावात असतात, खाली मान घालून बसलेल्या मुलाला ते दिसणारच नाहीत.

सिनेमा संपल्यावर "आवडला का" विचारू नका, त्याला हो-नाहीच्या पलीकडे उत्तर येत नाही. कागद द्या आणि दोन गोष्टी लिहायला सांगा, तू न ठरवता कुठे हसलास, आणि असा एक क्षण जिथे बाकीचे हसले आणि तू नाही. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं नाव न घेता वाचून दाखवा, तुमच्या गप्प बसलेल्या अर्ध्या वर्गाला तिथे पहिल्यांदा बोलायला जागा मिळते.

मग गृहपाठ म्हणून दोन मिनिटांचं विडंबन, पण तुमच्या आवडीच्या नाही, ती मुलं रोज बघतात त्या प्रकाराचं, म्हणजे सुपरहिरोचा ट्रेलर, रिअ‍ॅलिटी शोमधलं रडणं, खेळाडूची मॅचनंतरची मुलाखत, त्वचेची काळजी कशी घ्यावी सांगणारे व्हिडिओ. अट एकच, आपण विनोदात आहोत हे एकाही पात्राला माहीत नसलं पाहिजे. सादर करताना मूळ नमुना त्यांनी आधी दाखवायचा नाही, त्यांचा सीन झाल्यावर मगच दाखवायचा, आणि तुम्ही बाजूला बसून बघायचं की वर्ग कुठल्या वेळी जास्त हसतो.